हिरवळ कापायला कोणतं यंत्र घ्यावं?

प्रश्न : परभणीत घरापुढे ६०० चौरस फूट हरळीची हिरवळ आहे. पेट्रोलचं यंत्र घ्यावं का?

उत्तर : एवढ्या जागेला पेट्रोलची गरज नाही. हाताने ढकलायचं, सिलिंडर पात्यांचं (आडव्या रुळासारखी गोल फिरणारी पाती असलेलं) १२ ते १४ इंची यंत्र घ्या. हरळी ते कात्रीसारखी साफ कापतं. मात्र कापणी लांबून गवत तीन-चार इंच वाढलं, की पाती अडकतात. दर आठवड्याला जमणार नसेल तर विजेवरचं रोटरी (पंख्यासारखं आडवं फिरणारं पातं असलेलं) बरं, उंची बदलता येणारं.

खरी अडचण आपल्या काळ्या मातीची. पावसात चाकं रुततात, चिखल-गवत पात्याखाली थापलं जाऊन मोटर तापते. उघडीप मिळून जमीन वाफशावर (ओल बेताची, चिखल नाही) येऊ द्या, मगच कापा. उन्हाळ्यात दीड इंचापेक्षा खाली कापू नका, जमीन उघडी पडून गवत करपतं. पात्याला धार नसेल तर शेंडे फाटून पांढरट दिसतात.