वाचकांचे प्रश्न : चाळीस डॉलरचा शेअर दहावर आला

प्रश्न : अक्कलकोट रोडवरील एमआयडीसीत माझा टॉवेलचा लहान कारखाना आहे. तीन वर्षांपूर्वी, अमेरिकेच्या बाजारात नोंदलेल्या आणि संगणकाच्या पडद्यावर चित्रे उमटवणाऱ्या ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एका कंपनीचे १०० शेअर मी प्रत्येकी ४० डॉलरला घेतले. आज भाव १० डॉलरच्या आसपास आहे. नवी पेठेतल्या आमच्या संध्याकाळच्या बैठकीत यावर रोज वाद होतो. एक मित्र म्हणतो, आणखी १०० घेऊन सरासरी खाली आणा. दुसरा म्हणतो, एखादी मोठी कंपनी हिला विकत घेईल, तोवर गप्प बसा. तिसरा म्हणतो, मिळेल त्या भावाला विकून मोकळे व्हा. इंजिनिअरिंगला असलेल्या माझ्या मुलाच्या मते कंपनीची चिप बसवलेली कार्डे आजही उत्तम आहेत. कोणाचे ऐकावे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : कंपनीचे नाव आपण कळवले आहे, परंतु या सदराच्या रिवाजाप्रमाणे ते छापलेले नाही. आपल्या पत्रातील चारही मते प्रामाणिक आहेत. मात्र त्यातले एकही मत कंपनीच्या ताळेबंदावरून आलेले दिसत नाही. तीन मते आपल्या खरेदीच्या भावाभोवती फिरतात आणि चौथे मालाच्या गुणाभोवती.

मुलाच्या मतापासून सुरुवात करतो, कारण ते सर्वांत पटण्यासारखे आणि म्हणूनच सर्वांत फसवे आहे. १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्स या कंपनीने व्हूडू ही चिप आणली, तेव्हा संगणकावर खेळ खेळणाऱ्यांच्या दृष्टीने तिला तोड नव्हती. कंपनी फक्त चिप बनवी आणि त्यावरून कार्डे तयार करून विकण्याचे काम इतर कंपन्या करीत. १९९८ च्या अखेरीस तिने एसटीबी सिस्टिम्स ही कार्ड बनवणारी कंपनी विकत घेण्याचे जाहीर केले आणि यापुढे कार्डेही आपणच विकू, असे ठरवले. आपल्या धंद्यात बोलायचे तर, ज्याच्याकडून पूर्व भागातले सगळे मागवाले सूत घेतात, त्या व्यापाऱ्याने एके दिवशी स्वतःच चादरी विणायला काढल्या. मागवाले दुसऱ्या दिवसापासून सूत कुठून घेतील, हे आपल्याला सांगायला नको. कार्ड बनवणाऱ्या इतर कंपन्या एनव्हिडिया या दुसऱ्या चिप कंपनीकडे वळल्या, त्यातच थ्रीडीएफएक्सच्या पुढच्या चिपला उशीर झाला, आणि डिसेंबर २००० मध्ये तिची मुख्य मालमत्ता त्याच एनव्हिडियाने घेण्याचा करार जाहीर झाला. ठरलेली किंमत ७ कोटी डॉलर रोख आणि एनव्हिडियाचे १० लाख शेअर अशी होती.

‘कोणीतरी विकत घेईल’ म्हणणाऱ्या आपल्या मित्राने येथे थोडे थांबावे. विकली गेली ती कंपनीची मालमत्ता, आणि तिच्या पैशावर पहिला हक्क धनकोंचा असतो. भागधारकाची पाळी सर्वांत शेवटी येते. थ्रीडीएफएक्सने २००२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

तरीही हे मत सरसकट खोटे नाही. इमॅजिनेशन टेक्नॉलॉजीज या ब्रिटिश कंपनीचे ग्राफिक्सचे तंत्र आयफोनमध्ये वापरले जाई आणि तिचे जवळपास निम्मे उत्पन्न एकट्या अॅपलकडून येत असे. एप्रिल २०१७ मध्ये, दोन वर्षांच्या आत आपण हे तंत्र वापरणे बंद करणार, असे अॅपलने कळवल्याचे जाहीर झाले आणि शेअर एका दिवसात ६० टक्क्यांहून अधिक कोसळला. त्याच वर्षी कॅन्यन ब्रिज या गुंतवणूक संस्थेने कंपनी दर शेअरला १८२ पेन्स देऊन घेतली. पडझडीच्या दिवशी शंभर-सव्वाशे पेन्सला घेणाऱ्याला चांगला नफा झाला, तर त्याआधी अडीचशेच्या वर घेतलेल्याला तोट्यातच बाहेर पडावे लागले. कंपनी एक, खरेदीदार एक आणि निकाल दोन.

आता सरासरीचा हिशेब. आणखी १०० शेअर १० डॉलरला घेतले, तर आपली सरासरी २५ होईल. म्हणजे मुद्दल सुटण्यासाठीसुद्धा भाव अडीच पट व्हावा लागेल. आणि त्यासाठी आजवर न गुंतवलेले १००० डॉलर आपण त्याच कंपनीत घालाल. (या वाटेने मीही एकदा गेलो आहे, सरासरी सुंदर खाली आली आणि तिच्यामागोमाग शेअरही.) हा सल्ला फळल्याचे उदाहरण म्हणून लोक एएमडी या अमेरिकी चिप कंपनीचे नाव घेतात. २००६ मध्ये एटीआय ही ग्राफिक्स कंपनी सुमारे ५.४ अब्ज डॉलरला घेतल्यानंतर एएमडीची बरीच वर्षे ओढाताणीत गेली, ऑस्टिन येथील आवार विकून तेच भाड्याने वापरण्याची वेळ आली आणि २०१५ मध्ये शेअर २ डॉलरच्या खाली उतरला. पण २०१३ पासून प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या दोन्ही खेळयंत्रांत तिच्याच चिप होत्या, म्हणजे ठरलेले गिऱ्हाईक हातात होते. आणि २०१७ मध्ये रायझन हा नवा प्रोसेसर खरोखरच बाजारात आला. तिला तारणारे कारण धंद्यात होते.

म्हणून माझे मत असे, की आज विकूही नका आणि नवे पैसेही घालू नका. मुलाला हाताशी घेऊन कंपनीचा पुढचा तिमाही अहवाल वाचा. हाती रोख किती आणि दर तिमाहीला जाते किती, ते पाहा. दहा टक्क्यांहून जास्त उत्पन्न एकाच गिऱ्हाइकाकडून येत असेल, तर अमेरिकी कंपनीला ते सांगावे लागते. तो आकडा शोधा. मालसाठा विक्रीपेक्षा वेगाने वाढत असेल, तर सावध व्हा. गेल्या वर्षीच्या नक्षीची चादर लग्नसराईत खपून जाते, पण गेल्या पिढीच्या चिपचा भाव नवी चिप येताच पडतो. २०२२ मध्ये एनव्हिडियासारख्या धडधाकट कंपनीलाही एका तिमाहीत साठ्यापोटी सुमारे १.३ अब्ज डॉलरचा फटका सोसावा लागला होता. रोख दीड-दोन वर्षे पुरणार नसेल आणि नव्या चिपची तारीख पुन्हा पुढे ढकलली गेली असेल, तर तिसऱ्या मित्राचे ऐका.

प्रश्न : अशा परदेशी शेअरचा तोटा करात वळता करता येतो का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : येतो, मात्र विकल्यावरच. २४ महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या परदेशी शेअरचा तोटा दीर्घ मुदतीचा ठरतो आणि तो फक्त दीर्घ मुदतीच्या नफ्यातून वजा होतो. विवरणपत्र मुदतीत भरले असेल, तर उरलेला तोटा पुढची आठ वर्षे ओढता येतो. शेअर विकलेला नसला, तरी विवरणपत्रातील परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात त्याची नोंद करावीच लागते, मग त्याचा भाव दहा डॉलर असो की दहा सेंट.