ऑडिशनआधी शुल्क भरावे का?

प्रश्न : माझ्या १९ वर्षांच्या मुलीला मुंबईतील एका मॉडेलिंग एजन्सीने ऑडिशनला बोलावले आहे, मात्र आधी पोर्टफोलिओचे (व्यावसायिक छायाचित्रांच्या संचाचे) शुल्क मागितले आहे. काय करावे? – एक पालक, म्हापसा

उत्तर : शुल्क भरू नये. रीतसर चालणारी एजन्सी आगाऊ रक्कम मागत नाही. काम मिळाल्यावर मानधनातून ठरलेले कमिशन कापून घेते. पहिल्या निवडीला महागड्या पोर्टफोलिओची गरजही नसते, कारण निवडणाऱ्यांना मूळ चेहरा आणि बांधा पाहायचा असतो. मेकअपविना, साध्या, अंगासरशा कपड्यांत, खिडकीजवळच्या उजेडात मोबाइलवर काढलेली समोरून, बाजूने आणि पूर्ण उंचीची छायाचित्रे पुरतात. जाहिरातीच्या ऑडिशनमध्ये कॅमेऱ्यासमोर नाव, वय व उंची सांगून डावी-उजवी बाजू, कधी हातही दाखवावे लागतात आणि मग दिलेला छोटा प्रसंग करावा लागतो. रॅम्पसाठी मात्र चालून दाखवणे हाच मुख्य भाग. (उंची फुगवून सांगू नये; तिथे मोजमाप होतेच.) हल्ली पहिली फेरी पुष्कळदा घरून पाठवलेल्या व्हिडिओवरच होते, तेव्हा थिवी स्थानकावरून लगेच मुंबईची गाडी पकडण्याची घाई नको. जावे लागलेच, तर पत्ता हॉटेलच्या खोलीचा नसून कार्यालयाचा आहे याची खात्री करावी आणि सोबत आपण जावे. करारावर तिथल्या तिथे सही करू नये. छायाचित्रे कुठे व किती काळ वापरली जातील, ते कलम घरी आणून वाचावे.