मायएसक्यूएल डेटाबेस चालू आहे, तरी जँगो (पायथनमध्ये वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क) ‘मायएसक्यूएलडीबी मॉड्यूल लोड होत नाही’ का म्हणतो?

आमच्या रावेरकडच्या भाषेत, विहिरीला पाणी आहे, मोटारच बसवलेली नाही. सर्व्हर चालू असला तरी पायथनला डेटाबेसशी बोलायला ड्रायव्हर वेगळा लागतो: मायएसक्यूएलक्लायंट. मायएसक्यूएलडीबी मॉड्यूल याच पॅकेजमधून येतं.

आधी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (त्या प्रोजेक्टपुरता वेगळा पायथन) सुरू आहे का बघा. केळीच्या हिशेबाच्या साइटवर माझा अर्धा दिवस यातच गेला. पॅकेज होतं, पण सिस्टिमच्या पायथनमध्ये! म्हणून नुसतं पिप (पायथनची पॅकेजेस बसवणारं साधन) नको, ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल मायएसक्यूएलक्लायंट’ द्या, म्हणजे जो पायथन जँगो चालवतो त्यातच पडेल.

उबुंटूवर कंपाइल होताना अडलं तर आधी एपीटीने (उबुंटूचं पॅकेज बसवायचं साधन) पीकेजी-कॉन्फिग, पायथन३-डेव्ह, बिल्ड-इसेन्शियल आणि डीफॉल्ट-लिबमायएसक्यूएलक्लायंट-डेव्ह टाका. शेवटचं बहुतेक जण विसरतात.

नुसतं शिकायला करत असाल तर एसक्यूलाइट हा एका फाइलीत मावणारा डेटाबेसच ठेवा, त्याचा ड्रायव्हर पायथनसोबतच येतो.