खाजेवर निळे इंजेक्शन

प्रश्न : माझे वय 47 आहे. गेली दोन वर्षे गुदद्वाराभोवती खाज सुटते, रात्री तर झोप लागत नाही. दुकानातून आणलेल्या मलमांनी तात्पुरते बरे वाटते. आता निळ्या औषधाचे इंजेक्शन सुचवले आहे. ते घ्यावे का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : घाई करू नये. मूळव्याध, भगंदर, जंत, बुरशी, मधुमेह किंवा त्वचारोग यांपैकी काही नाही ना, हे शल्यचिकित्सकांकडून प्रत्यक्ष तपासून घ्यावे. दुकानातील मलमांत बहुधा स्टेरॉइड असते. ते महिनोन्‌महिने लावल्याने त्वचा पातळ होते, बुरशी फोफावते आणि मलम थांबवताच खाज दुप्पट जोराने परतते. साबणाने घासणे बंद करावे, नुसत्या पाण्याने धुऊन जागा टिपून कोरडी करावी आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात सैल सुती कपडे वापरावेत. सावजी रस्सा काही आठवडे सोडून पाहावा, हे नागपूरकराला सांगणे जिवावर येते खरे.

एवढ्यानेही फरक पडला नाही, तरच मिथिलीन ब्लूचा, म्हणजे तुम्हाला सुचवलेल्या निळ्या औषधाचा, विचार करावा. हे औषध भूल देणाऱ्या औषधात मिसळून गुदद्वाराभोवतीच्या त्वचेत टोचतात. तेथील संवेदना वाहणारे सूक्ष्म मज्जातंतू त्यामुळे निकामी होतात आणि खाजवण्याचे दुष्टचक्र तुटते. अनेकांना आराम पडतो, पण काहींना खाज पुन्हा सुरू होते. त्वचा काही आठवडे निळी दिसते, जागा बधिर राहते, क्वचित मलनियंत्रण तात्पुरते सैल होते किंवा त्वचेला जखम होते. लाल रक्तपेशींना जपणाऱ्या जी-6-पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असल्यास किंवा नैराश्यावरील गोळ्या चालू असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे. अशा रुग्णांना हे औषध घातक ठरू शकते.