डिझायनरने फक्त डिजिटल शिकावं की हाताचं कामही करावं?

दोन्ही करा असं माझं मत. मी गोव्यात फोंड्याला असतो, पोटापाण्याचं काम म्हणजे लोगो, मेनूकार्डं, इन्स्टाच्या पोस्टी, आणि चवथीला (गणेश चतुर्थीला) मखर नि शिगम्याला (गोव्याच्या होळीच्या उत्सवाला) चित्ररथ रंगवायचे, त्यामुळे हात दोन्हीकडे चालतो.

हातकामाने निर्णय आधी घ्यायची सवय लागते. आपल्याकडच्या जुन्या देवळांतली कावी कला बघा, चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या रंगाचा थर द्यायचा आणि तो ओला आहे तोवर खरवडून खालचा पांढरा काढायचा, तिथे कॉम्प्युटरसारखं चूक मागे घेणारं कंट्रोल झेड वगैरे काय नाय. अझुलेजो म्हणजे पोर्तुगीज पद्धतीच्या रंगवलेल्या टाइलचंपण तसंच, निळ्यासाठीचा कोबाल्ट रंग लावताना मळकट दिसतो, खरा निळा होतो तो भट्टीतून आल्यावर, म्हणजे रंग डोळ्यांनी नाही तर अंदाजाने लावायचा. हे केलेल्याला स्क्रीनवरचा चकचकीत आरजीबी (प्रकाशाच्या लाल-हिरव्या-निळ्यातून बनणारा) निळा सीएमवायकेत (छपाईच्या चार शायांत) छापल्यावर फिका का पडतो हे वेगळं सांगावं लागत नाही. (मी मात्र ते शिकलो 500 मेनूकार्डं वाया घालवून, आणि पैसे माझ्याच खिशातून गेले.)

गोव्याचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांची चित्रं आज टाइल, मग, टीशर्ट सगळीकडे दिसतात, पण मूळ काम पेन आणि शाईचं. रेघ पक्की असली की कशावरही टाका, चालते.

उलट लेयर (चित्राचे वेगवेगळे थर), टायपोग्राफी (अक्षरांची मांडणी), क्लायंटचे दहा बदल, यासाठी कॉम्प्युटरच बरा. कॉम्प्युटरला जोडून पेनने चित्र काढायचा टॅब्लेट लगेच महागडा घेऊ नका, स्क्रीन नसलेला साधा घ्या, सुरुवातीला तो पुरतो.