संग्रहालयाने ऑनलाइन ठेवलेल्या आदिवासी वारशापैकी काय कोणाला दिसावे, हे तो समाज ठरवू शकतो का?

होय, ठरवू शकतो. मात्र संकेतस्थळाची आखणी होत असतानाच त्या समाजाला निर्णयाचा अधिकार दिलेला असला पाहिजे, नंतर घेतलेली संमती बहुधा औपचारिकताच ठरते. ऑस्ट्रेलियातील टेनंट क्रीक येथील वारुमुंगू या आदिवासी समाजासोबतच्या कामातून घडलेल्या ‘मुकुर्तु’ या विनामूल्य प्रणालीत कुटुंब, स्त्री-पुरुष भेद, मृत व्यक्तींच्या छायाचित्रांविषयीचे संकेत अशा समाजाच्याच नियमांनुसार प्रत्येक नोंद कोणाला दिसावी हे ठरवता येते. दुसरे उदाहरण मला अधिक महत्त्वाचे वाटते. १८९० मध्ये मानववंशशास्त्रज्ञ जेसी वॉल्टर फ्यूक्स यांनी अमेरिकेतील मेन राज्यात पॅसामाक्वॉडी या आदिवासी समाजाची गाणी आणि कथा मेणाच्या सिलिंडरांवर (त्या काळचे आवाज साठवण्याचे साधन) ध्वनिमुद्रित केल्या. त्यांपैकी काही आज लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ऐकता येतात आणि त्या नोंदींवर, श्रेय कसे द्यावे व वापर कसा करावा हे सांगणारी, समाजाने स्वतः निवडलेली ‘पारंपरिक ज्ञान’ लेबले लावलेली आहेत. ज्यांचे आवाज आहेत त्यांच्याच वंशजांनी ते समजावून सांगावेत, हे न्याय्यच आहे. एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी: ही लेबले म्हणजे कायदेशीर परवाना नव्हे. प्रताधिकार (कॉपीराइट) अनेकदा ध्वनिमुद्रण करणाऱ्याकडे किंवा संस्थेकडे असतो, काही वेळा तो संपलेलाही असतो. म्हणून लेबलांसोबत लेखी करार करणे आणि मूळ प्रतींच्या डिजिटल नकला समाजाच्या स्वाधीन करणे आवश्यक आहे.