इंजिनिअरिंगच्या सीईटीला 93 पर्सेंटाइल आहेत. ऑप्शन फॉर्ममध्ये, म्हणजे कॉलेजं पसंतीच्या क्रमाने लिहायच्या फॉर्ममध्ये, खाली बॅकअप म्हणून कोणती कॉलेजं टाकू? कुठलीही टाकली तर चालतील का?

नाही, कुठलीही चालणार नाहीत. सीओईपी, व्हीजेटीआय, पीआयसीटी ही पुण्या-मुंबईची नावाजलेली नावं वर सगळेच लिहितात, त्याला डोकं लागत नाही. 93 वर तुला जे लागणार आहे ते यादीच्या मधल्या नाहीतर खालच्या भागातून लागणार आहे. मग वेळ घालवायचा तो तिथेच. ज्या कॉलेजची अलॉटमेंट आल्यावर तुझ्या घरात पेढे येणार नाहीत, त्याचं नाव फॉर्मवर नको.

हे मी ठासून लिहितेय, कारण याच गोष्टीवरून माझा आणि माझ्या थोरल्या काकांचा 2017 पासून वाद चालू आहे आणि तो अजून मिटलेला नाही.

मी विट्याची. बाबा यंत्रमागावर कामाला. काकांचं कोइमतूरला गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळायचं दुकान, चार पैसे बाळगून असलेले, त्यामुळे घरात त्यांचा शब्द चालायचा. त्यांचा मुलगा आणि मी एकाच वर्षी बारावी झालो. सीईटी देऊन निकालाची वाट बघत होतो तेव्हाच मी आईला घेऊन कडेगावमार्गे एसटीने कराडला गेले, तिथलं गव्हर्नमेंट इंजिनिअरिंग कॉलेज बघायला. निकालाआधी कॉलेज बघायला जाणारी ही कोण शहाणी, असं काकू म्हणाल्या. पण मला इलेक्ट्रिकल करायचं होतं, आणि सीओईपी, सांगलीचं वालचंद नाही मिळालं तर आपण कुठे चार वर्षं राहणार हे मला डोळ्यांनी बघायचं होतं.

विद्यानगरला कॉलेजात परीक्षा चालू होत्या. इलेक्ट्रिकल मशीन्सच्या लॅबमध्ये एक लॅब असिस्टंट होते, त्यांनी आम्हाला आत घेतलं, मोटारी दाखवल्या, पॅनेल उघडून दाखवलं. मी विचारलं, मुलांना स्वतः जोडण्या करू देतात का? ते म्हणाले, "करू द्यावंच लागतंय, नायतर फ्यूज उडल्याबिगर कळणार कसं?" मग मुलींच्या हॉस्टेलवर गेलो. आईने पाणी, मेस, रात्री गेट किती वाजता बंद होतं ते सगळं विचारून घेतलं. मी एकच विचारलं, की इथे यायचंच नव्हतं अशा किती जणी आहात? निम्म्याहून जास्त हात वर झाले. लातूरची एक जण म्हणाली, पहिलं सेमिस्टर रडले, आता सुट्टीत घरी करमत नाही. परत येताना एसटीतच मी आईला सांगून टाकलं, हे लागलं तरी मी आनंदाने येणार.

काका म्हणाले, "आगं, कराड काय गाव हाय का शिकायचं? हिथनं हाकंवर. इंजिनिअर व्हायचं तर पुन्यालाच गेलं पायजे." त्यांनी स्वतःच्या मुलाचा फॉर्म नेट कॅफेत बसून भरला. मागच्या वर्षीची कटऑफची पीडीएफ उघडली, पुण्याची जेवढी कॉलेजं दिसली तेवढी वरून खाली उतरवली. शाखाही जी दिसेल ती. त्यातलं एकही कॉलेज कुणी पाहिलं नव्हतं. त्याला शहराच्या पार बाहेरचं एक खाजगी कॉलेज लागलं. पत्त्यात पुणे, बाकी माळरान. हॉस्टेल भरलेलं, म्हणून चौघांत एक खोली, वर्कशॉपला कुलूप, आणि एकाच विषयाला एका सेमिस्टरमध्ये दोनदा शिक्षक बदलले. पोरगा हुशार होता. त्याला मेकॅनिकल नकोच होतं, हे त्याला कुणी विचारलंच नाही. डिग्री घेतली त्याने, पण त्या चार वर्षांबद्दल तो आजही बोलत नाही.

मला कराड लागलं. आज मी महापारेषण या सरकारी वीज कंपनीच्या उपकेंद्रात काम करते. तरीही प्रत्येक लग्नात काका चारचौघांत म्हणतात, "हिला पुणं मिळालं न्हाई, मग कराडवर भागवलं." काका, भागवलं नव्हतं. मी जाऊन बघून, विचार करून लिहिलेलं नाव होतं ते. बॅकअप म्हणजे उरलंसुरलं, असं तुम्ही धरून चाललात आणि त्याची किंमत तुमच्या मुलाने मोजली.

आता तुझ्या फॉर्मबद्दल. 300 पर्यंत पर्याय देता येतात म्हणून 300 भरायचे नसतात. आणि 2025-26 पासून कॅपच्या, म्हणजे सरकारी केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, चार फेऱ्या आहेत. पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतला लागला किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांतला लागला, तर सीट आपोआप फ्रीझ म्हणजे पक्की होते, पुढच्या फेरीत जाता येत नाही. म्हणजे सहाव्या नंबरला सहज टाकलेलं नावसुद्धा गळ्यात पडू शकतं. अशा नियमात काकांच्या पद्धतीने फॉर्म भरणं फारच महागात पडेल.

कटऑफ बघताना आपला रकाना नीट बघ. खुल्या प्रवर्गात GOPENH म्हणजे होम युनिव्हर्सिटी (कॉलेज ज्या विद्यापीठाच्या हद्दीत आहे तिथलीच मुलं), GOPENO त्या हद्दीबाहेरची मुलं, GOPENS राज्यस्तरीय. एल ने सुरू होणारे रकाने मुलींचे. फक्त पहिली फेरी बघू नकोस, आयआयटी-एनआयटीला मुलं निघून गेली की आकडे खाली येतात. खुल्या प्रवर्गातून 93 वर वालचंदचं कॉम्प्युटर विसर. पण सरकारी कॉलेजातल्या सिव्हिल, इलेक्ट्रिकलसारख्या शाखा जरूर तपास. कराड, अमरावती, छत्रपती संभाजीनगर, नांदेडचं एसजीजीएस, ही नावं पुण्या-मुंबईची मुलं नाक मुरडून सोडतात. सोडू देत.

उलट नुसत्या कॉम्प्युटर शब्दावर भाळू नकोस. 2024-25 पासून एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, शाखेच्या जागांवरची कमाल मर्यादा काढली, आणि कितीतरी कॉलेजांनी कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढवल्या. तितके शिक्षक कुठून आणले, हे तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठून विचार. प्लेसमेंटचा बोर्ड वाचत बसू नकोस. एनबीए मानांकन शाखेला असतं, कॉलेजला नाही, तेही आपल्या शाखेचं आहे का बघ.

प्रत्यक्ष जाणं सगळ्यांना परवडत नाही हे मला माहीत आहे. आम्हाला कराड जवळ होतं. नाही जमलं तर तिथे शिकणारं आपल्या तालुक्यातलं कुणीतरी शोधून फोनवर अर्धा तास बोल.

तुझा प्रवर्ग, जिल्हा आणि शाखा तू लिहिलेली नाहीस, त्यामुळे नावांची यादी मी देत नाही. राखीव प्रवर्ग असेल तर वरचे अंदाज बदलतील. घरचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएसचे, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या जागांचे, कोड वेगळे टाक, त्यांच्या शेवटी टी असतो. पण ती जागा घेतली की कॉलेज आणि शाखा पुढे बदलता येत नाही. मुलगी असशील आणि ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसीत बसत असशील तर त्याच उत्पन्नमर्यादेत 2024-25 पासून शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे, मात्र प्रवेश कॅपमधून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नाही. नियम दर वर्षी हलतात, म्हणून सीईटी सेलची या वर्षीची माहिती पुस्तिका स्वतः वाच. आणि फॉर्म तूच भर, लॉगिनचा पासवर्ड कुठल्याही काकांना देऊ नकोस.